वाकडं पाऊल

माह्या नातीनं समोर वही आणून आदळली. म्हणे, "आबाजी, आखाड्याचे किस्से लिहा, लोकं लय हसतात." मी चौथी नापास माणूस. लाठी धरतो तसा पेन धरतो, कागद फाटते! अन् लोकं हसतात म्हणून मी काय जोकर आहो? पण पन्नास वर्षं लाठी शिकवली का किस्से साचतातच, कोपऱ्यातल्या तुटक्या लाठ्यांवानी. फेकवत नाही. लिहितो. तुम्हाले हसाचं असन त् हसा, मी चिडूनच लिहून राहिलो.

*

नंदनवन वस्तीत आमच्या घरासमोर समाजभवनाचा हॉल आहे. सकाळी माही लाठी, संध्याकाळी प्रवीण सरचे कराटे. दोन्ही टाइम हॉल मीच उघडतो, किल्ली माह्याकडं असते म्हणून.

एक बाई पोराले घेऊन आल्या. "लाठीत बेल्ट कोणता मिळतो?"

"नाही भेटत."

"मग प्रोग्रेस कशी कळणार?"

"पोरगा मार न खाता घरी आला, का समजा झाली प्रोग्रेस!"

बाई संध्याकाळच्या बॅचले गेल्या.

*

कराटेची गिनती जपानी. इच, नी, सान, शी! पहिल्याच दिवशी सर "शी!" ओरडले अन् पाच वर्षांचं एक पोट्टं लाइन सोडून बाथरूमकडं पळालं.

"कुठं चालला?"

"तुम्हीच त् म्हटलं न, सर!"

आमच्या लाठीत साधं एक-दोन-तीन-चार आहे. चारवर कोणाले जा लागत नाही.

*

रामदासपेठेतल्या ऑफिसचे एक साहेब लाठी शिकाले आले. माहा पहिला महिना नुसता पायाचा, लाठी हातात देतच नाही. आठव्या दिवशी साहेब तापले. "वस्ताद, उद्या घरात चोर आला तर मी काय करू?"

"पळा! आठ दिवसांपासून पायच त् शिकवून राहिलो!"

*

पायावरून आठवलं. जवानीत मी लकडगंजात आरामशीनवर काम कराचो. सागाचा ओंडका डाव्या पायावर पडला. तवापासून पंजा बाहेर वळला तो वळलाच.

मग सात वर्षांचा एक पोट्टा शिकाले आला, शेजारच्या नत्थूजीचा प्रवीण. लाठी धरून उभा राह्यला त् डावा पंजा बाहेर! म्हटलं, "सरळ ठेव बे." सरळ ठेवे, अन् घडीभरात पुन्हा बाहेर. मी लाठीनं पंजा ढकलला. "काहून रे, वाकडा काहून ठेवून राहिला?"

रडत म्हणते, "तुमचा वाकडाच हाये न, वस्ताद!"

त्यानंतर त्याले सरळ कर म्हणाची माही हिंमत झाली नाही.

*

तोच हा प्रवीण सर! बारा वर्षं माह्या हाताखाली शिकला, मग कराटेत गेला, काळा बेल्ट आणला. आणू दे न, माह्या पोटात दुखत नाही. पण मागच्या गॅदरिंगले माइक घेऊन पालकांले माही ओळख काय करून दिली? "हे आपले काका. हॉल उघडतात."

काका! वस्ताद म्हणाले जीभ झिजते काय बे तुही? पहिल्या रांगेत माही नात बसली होती. तिनं मान खाली घातली.

मी त्याले एकच म्हटलं, ज्या माइकवर बोलला त्याच माइकवर माफी माग. म्हणते, "सोडा न, काका!"

पुन्हा काका!

*

परवा बेल्टची परीक्षा होती. पुण्याहून परीक्षक आले. हॉल उघडून मी दारातच थांबलो. चाळीस पोरं पांढऱ्या कपड्यात लाइनीनं उभे. परीक्षक पहिल्या लाइनीतून फिरले, दुसऱ्या लाइनीतून फिरले, अन् खाली वाकून पाहाले लागले.

"सर, सगळ्यांचाच डावा पाय बाहेर का वळलाय?"

प्रवीणनं खाली पाह्यलं. आधी पोरांचे पाय, मग सोताचा. मग दाराकडं. दारात मी, हातात किल्ली.

"हे कुणी शिकवलं?"

माही नातही खिडकीतून पाहून राहिली होती.

"सर," प्रवीण म्हणते, "ही इंटरनॅशनल स्टाईल आहे!"

माफी अजून आली नाही. नाव पुरं लिहून ठेवतो, नातीनं खोडू नये: प्रवीण नत्थूजी ढोबळे.