अल्पशा आजाराने

देगलूरच्या बाजूला आमचं गाव. गावातली प्रत्येक पाटी रामलिंग पेंटरच्या हातची. सरकारी योजनांच्या भिंती त्यानेच रंगवल्या, आणि पारावरच्या फळ्यावर कोण गेलं, माती कधी, हेही तोच लिहितो. अक्षर असं की मेलेल्या माणसालाही बरं वाटावं.

गेल्या पोळ्याला त्याची थोरली बहीण दानम्मा त्याला म्हणाली, “एका बैलावर ‘पूल मंजूर’ लिही, दुसऱ्यावर ‘पूल गायब’. जोडीनं चालले की आंधळ्यालाबी कळंल.” अक्काला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण डोकं भारी. आमच्या ओढ्यावरचा पूल तोवर कागदावर तीनदा झाला होता. रामलिंगची जोडी वेशीतून निघाली आणि गाव पोट धरून हसलं. मीही हसलो. कुणीतरी फोटो काढला, तो तालुकाभर फिरला.

तिसऱ्या दिवशी पोलीस आले. सरकारची बदनामी केली, लोकांत असंतोष पसरवला, अशी कुणाची तरी तक्रार होती. ठाण्याच्या आवारात बैलांचा पंचनामा झाला: बैल पांढरा, डाव्या कुशीवर मजकूर. मग रामलिंगलाच रॉकेलने तो मजकूर घासून काढायला लावला. मुकी जनावरं ती, चामडी लाल होईस्तोवर उभी राहिली.

चॅप्टर केस लागली. वर्षभर शांतता बिघडेल असं काही लिहिणार नाही, बोलणार नाही, असा बॉण्ड मागितला. रामलिंग सही करेना. “खोटं काय लिवलं मी?” एवढंच म्हणे. त्याला समजवायला मी गेलो. मी महादेवप्पा, गिरणीवाला, त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. “सही करून मोकळा हो की रं, कशाला नसती बिलामत,” म्हणालो, आणि वर जामीनही राहिलो.

शेवटी त्याने सही केली, आणि त्या दिवसापासून माणूस आक्रसला. सरकारी भिंतींचं काम गेलं ते गेलंच. पण ‘येथे शुद्ध दूध मिळेल’ एवढी पाटी लिहितानाही मला विचारायचा, “यात काही वावगं न्हाई ना?” मला राग यायचा. त्याचा नाही, माझाच.

यंदा आषाढात दानम्माक्काला रानात साप चावला. ओढा दुथडी भरून वाहत होता. आम्ही तिला ट्रॅक्टरवर घालून काठावर आणलं. पलीकडे ॲम्ब्युलन्स उभी होती, दिसत होती. तीन तास आम्ही तिथेच होतो. अक्का आधी बोलत होती, मग नुसती बघत होती, मग तेही थांबलं.

दुसऱ्या दिवशी माती देऊन आलो. रामलिंगने पारावरचा फळा पुसला आणि बहिणीचं नाव लिहिलं. त्यापुढे ‘ओढ्याला पूल’ एवढं लिहून त्याचा खडू थांबला. तो माझ्याकडे वळला.

“लिहू का, महादेवप्पा?”

बॉण्ड संपायला अजून दोन महिने होते आणि जामीन म्हणून सही माझी होती. मी मान खाली घातली. जन्मात एवढी लाज वाटली नव्हती, पण मान काही वर झाली नाही.

त्याने तळहाताने ती अक्षरं पुसली आणि त्याच वळणदार हाताने लिहिलं, ‘अल्पशा आजाराने लिंगैक्य.’

पारावर पंधरा-वीस माणसं बसली होती. साप सगळ्यांना माहीत होता, ओढाही. सगळ्यांनी फळा वाचला आणि एकेक जण उठून घरी गेला.