वाल्मीकचा ठेका

वाल्मीक गांगुर्डे नाशकातल्या एका कॉलेजात फ्रेंच शिकवायचा. साल अठ्ठ्याहत्तर. नोकरीला चार वर्षं झाली, तरी कच्चीच. पोरं निफाड-सिन्नरकडची. 'नू फिनिसों', म्हणजे 'आम्ही संपवतो', म्हणताना प्रत्येक अक्षरावर सारखंच वजन टाकायची, जशी पोती उतरवताहेत. फ्रेंचमध्ये क्रियापद कसंही चालवा, जोर पडतो ऐकू येणाऱ्या शेवटच्या तुकड्यावर. फळ्यावर लिहून ते कुणाच्या जिभेत उतरेना. मग वाल्मीकनं टेबलच वाजवायला घेतलं. फि, नि : दोन बोटं, हलकी. सों : आख्खा पंजा. 'इल पार्ल', म्हणजे 'ते बोलतात', लिहायला लांबलचक, पण क्रियापद तोंडात एकच तुकडा. त्याला एकच थाप. महिन्याभरात वर्ग डोलायला लागला.

नोकरी पक्की करण्याआधी कमिटी वर्गात बसणार होती. आदल्या रविवारी तो खोलीवर तयारी करत होता. बाप धोंडीराम सायखेड्याहून आलेला, भिंतीला टेकून तंबाखू मळत होता. थाप पडली तसा त्याचा अंगठा थांबला.

"ह्ये कुणी शिकवलं?"

"कुणी नाय, बा. फ्रेंच हाय."

"कसलं फ्रेंच? हलगी हाय ही. माझाच हात हाय."

छप्पन साली दीक्षा घेतली त्याच आठवड्यात धोंडीरामनं हलगी गोदावरीत सोडली होती. लग्न असो की मयत, पुन्हा वाजवली नाही. त्यापायी गावानं दोन वर्षं कामाला बोलावलं नाही.

"तिथं सायबलोक बसनार. एकानं वळखलं तर म्हनतील, शिकला पन हात जातीवरच गेला. नको वाजवू रं."

वाल्मीकनं हात खिशात घातले. कमिटीसमोरही तसाच उभा राहिला. पोरं फि-नि-सों म्हणत त्याच्या खिशाकडं बघत राहिली. थाप येईना, तसा जोर कुठंही पडू लागला.

"सर, वाजवा ना," मागून झुंबर म्हणाला. "हाताचा उपास हाय का आज?"

वर्ग हसला. कमिटीतल्या बाईंनी पेनाला टोपण लावलं.

जूनमध्ये त्या जागी पुण्याचा माणूस आला. वाल्मीक पिंपळगावला द्राक्षांच्या पेट्यांवर नावं लिहायला लागला.

"वाजवलं असतंस तर?" म्हाताऱ्या बापानं एकदा विचारलं.

"झालो असतो पक्का."

"मंग माझं कशाला ऐकलंस? लय शिकलेला ना तू?"

पुढं म्हातारा जाईस्तोवर, सात वर्षं, दोघं बोलले ते जेवणखाण्यापुरतंच.