ऑफ सीझनची खोली

आमच्या दादाचं समुद्रकाठी लॉज. गिऱ्हाईक फिरकत नाही त्या महिन्यांना तो ऑफ सीझन म्हणायचा. वहिनीला दरवर्षी एकच गाजर, "ऑफ सीझनला राहू गं वरच्या खोलीत, खिडकीशी!" आणि ऑफ सीझन आला की हा पठ्ठ्या रंगकाम काढून तिथेच डबे मांडून बसायचा. वहिनी बिचारी स्वयंपाकघरामागच्या कोंदट खोलीत.

यंदा तिच्या दुखण्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले. भर सीझनमध्ये दादानं गिऱ्हाईक परत पाठवलं आणि तिला उचलून वर नेलं.

"आता बघ हवा तेवढा समुद्र."

सकाळी ती म्हणाली, "अहो, रात्रभर किती गरजतो हा! मला आपली खालचीच खोली बरी."

दादा तिची उशी पोटाशी धरून रडला. मग तिला उचलून तिच्या खालच्या खोलीत घेऊन आला.