कमलताईंची ओंजळ

कमलताईंच्या ग्लासात पाणी ओतायला जग उचलला, की त्या तो हातातून काढूनच घेत. "राहू दे गं, आय विल गेट माय ओन." नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात आम्ही एकाच वॉर्डात नर्स होतो, त्या सीनियर, मी नवखी. मला आधी वाटायचं, बाईंना स्वच्छतेचा सोस आहे. मग एकदा ब्रेकमध्ये टोस्टला बटर लावता लावता त्या म्हणाल्या, "माझी आजी गावच्या विहिरीपाशी ओंजळ धरून बसायची. विहिरीला आम्ही हात लावायचा नाही. कुणाला दया आली तर वरून ओतणार, तेही विटाळ नको म्हणून लांबून. मी ठरवलंय, आपण ओंजळ धरायची नाही." एवढं बोलून त्यांनी टोस्ट खाल्ला आणि राउंडला गेल्या.

रिटायर झाल्यावर त्यांनी फर्मान काढलं, "वर्षा, ॲन्युअल लीव्ह टाक. मला ऊन आणि समुद्र पाहिजे. आणि स्पेन नको, तिथे सगळं नॉटिंगहॅमच भेटतं." म्हणून आम्ही मोरोक्कोतल्या एसाविराला गेलो. वारा असा, की पहिल्याच दिवशी ताईंची टोपी समुद्रात गेली. बंदरातल्या निळ्या होड्या बघत आम्ही तळलेले मासे खायचो. बाजारात त्या सरळ मराठीत घासाघीस करायच्या, "हे बघ भाऊ, मी काही आज जन्मले नाही!" दुकानदार हसून किंमत उतरवायचा.

निघायच्या आदल्या दिवशी गेस्टहाउसच्या मालकीणबाईंनी, फातिमाबाईंनी, आम्हाला घरी जेवायला बोलावलं. आम्ही बसलो, तशा त्या पितळी किटली आणि तसराळं घेऊन आल्या. ताईंसमोर वाकून त्यांनी किटली उंच धरली आणि खूण केली, हात पुढे करा.

ताईंनी झटकन हात मागे घेतले. चेहरा पार उतरला. फातिमाबाईंना वाटलं, पाहुणीला पाणी गार असेल अशी धास्ती आहे. त्यांनी पाणी आपल्या हातावर घेऊन दाखवलं, कोमट आहे. मग ताईंचा एकेक हात आपल्या हातात घेऊन, बोटं चोळून, लहान मुलाचे धुवावेत तसे धुतले. टॉवेलने पुसलेही. मग ताईंनीच किटली उचलली. "आता तुम्ही. हात करा पुढे, बाई," असं चक्क मराठीत म्हणाल्या. फातिमाबाईंनी ओंजळ पुढे केली.

परतताना ताई एकच वाक्य बोलल्या, "हात लावून धुतले गं तिने." दुसऱ्या दिवशी तशीच किटली घेतली, एका पैचीही घासाघीस न करता. त्यानंतर त्यांच्या घरी पाहुण्याचे हात धुतल्याशिवाय ताट वाढलं गेलं नाही. स्वतःच्या ग्लासात मात्र पाणी त्या स्वतःच ओतत राहिल्या.

आता त्या नाहीत. किटली माझ्याकडे आहे. शेवटच्या आजारपणात एका दुपारी मी पेज घेऊन गेले. त्यांच्याने उठवेना. भीतभीतच किटली पलंगापाशी आणली. वाटलं, आता काढून घेतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि ओंजळ पुढे केली.

"ओत," म्हणाल्या. "पण हात धरून."