शिवराक मासे

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणते, आणि खोटं म्हणत नाही. पण त्या वर्षी मी जी धावाधाव केली ती तिनेही आधी कधी बघितली नव्हती. बायकोला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. आधीची दोन्ही राहिली नव्हती. म्हापशाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता पडून राहायचं, जड उचलायचं नाही आणि मनाला काही लावून घ्यायचं नाही. पहिल्या दोन गोष्टी आईने सांभाळल्या. तिसरीचं काय करायचं ते कुणालाच कळेना, म्हणून ती मी अंगावर घेतली.

पेडण्याच्या आमच्या घरात हॉलमधल्या जनेलाशी तिची खाट घातली होती. जनेलातून दिसणार काय, तर शेजाऱ्याची भिंत. मी तुयेच्या फॅक्टरीत कामाला, आणि दिवसभर जीव त्या खाटेपाशी. मन चिंती ते वैरी न चिंती. एक दिवस कामावरून सुटलो तो तडक म्हापशाला गेलो आणि फिशटँक घेऊन आलो, तिच्या डोळ्यांसमोर काहीतरी हलतं असावं म्हणून. आई माशांना नुस्तं म्हणते. म्हणाली, "नुस्तं मी तव्यावर बघितलंय. काचेत कशाला?"

मासे मी रंग बघून उचलले होते. पट्ट्यापट्ट्यांचे टायगर बार्ब आणि लांब पंखांचा एक एंजल. दुसऱ्या दिवशी बघतो तर बार्बांनी एंजलच्या पंखांच्या चिंध्या केलेल्या, आणि बायको खाटेवरून ते बघतेय. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. सगळे पिशवीत भरून परत दुकानात नेले.

दुकानदार समजावू लागला, कोण कुणाबरोबर राहतो, कोण कुणाच्या शेपटीमागे लागतो, कुणाला घोळका लागतो. ऐकायला मला धीर कुठला. म्हटलं, "ते सगळं राहू द्या. मला शिवराक मासे द्या." तो माझ्याकडे बघतच राहिला. आमच्याकडे शिवराक म्हणजे मासमच्छी नसलेलं, सोमवारी नि गुरुवारी घरात शिजतं ते. त्या दिवशी माणूससुद्धा जरा गरीब होतो, असं माझ्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं. मग मासा का नाही होणार? शेवटी तो म्हणाला, "काळ्या मॉली न्या. शेवाळ खातात, कुणाच्या वाटेला जात नाहीत." सोबत पाण्यातली चार झाडं दिली.

मॉली खरंच सालस निघाल्या. दिवसभर काच चाटत असायच्या. बायको मला जेवणाच्या सुट्टीत फोनवर त्यांच्या बातम्या द्यायची. मग एका मॉलीचं पोट फुगलं. मॉली अंडी घालत नाही, सरळ पिल्लंच देते, हे मला बायकोकडून कळलं. "ही माझ्याआधी सुटणार बघा," ती म्हणाली आणि हसली. किती दिवसांनी हसली होती. मला वाटलं, जिंकलं आपण.

एका शनिवारी दुपारीच घरी आलो. आई परसात होती, बायको डोळे मिटून पडलेली. टँकमध्ये पिल्लं झाली होती, डोळे तेवढे दिसावेत एवढीशी. हरखून वाकलो, आणि माझ्या डोळ्यांदेखत मॉलीने स्वतःचं एक पिल्लू गिळलं. मग दुसरं. शिवराक म्हणे. जाळी सापडेना, म्हणून चहाची गाळणी आणली आणि बाही न सारताच हात पाण्यात घातला. मॉली काही हाताला लागेना. शेवटी दोरीवरचा टॉवेल ओढला, काचेवर टाकला आणि समोर उभा राहिलो.

"काढा तो," बायको म्हणाली.

"अगं, पाणी जरा गढूळ झालंय."

"मी सकाळपासून बघतेय. तुम्हाला सांगितलं नाही, उगाच घाबरला असता. झाडांत काही लपलीत, ती बघू दे मला."

मी टॉवेल काढला. म्हटलं, "तुला बघवणार नाही, तू रडशील, म्हणून झाकलं."

"रडते की," ती म्हणाली. "तुम्ही तुयेला गेलात की काय रडायचं ते रडून घेते. तुम्ही घरात असलात की जमत नाही. मी नुसती कूस बदलली तरी तुम्ही धावत सुटता."

फार लागलं मला ते, आणि खरं होतं म्हणूनच लागलं.

मुलगी सुखरूप झाली, ते पुढे. त्या दुपारी मी भिजल्या बाहीनिशी खाटेच्या कडेला टेकलो. आधीच्या दोघांसाठी ती माझ्यासमोर पहिल्यांदा रडली, बराच वेळ रडली, आणि मी तिथून उठलो नाही.