हवेचा मापाडी

झाडाच्या खोडाला टेप गुंडाळली की तात्या श्वास रोखून धरत. आकडा वाचून होईपर्यंत त्यांची छाती हलत नसे. मग ते आकडा मोठ्याने सांगत, मी तो परत म्हणून वहीत लिहीत असे, आणि त्यानंतरच ते श्वास सोडत. पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हाताऱ्याला दमा असावा. दुपारी विचारलं तेव्हा म्हणाले, "तराजूपाशी उभं ऱ्हायची सवय हाय, ताई. काटा थरथरत असला की मानसानं हलू न्हाई."

तीस वर्षं त्यांनी तालुक्याच्या बाजारात कांद्याच्या गोण्या तोलल्या होत्या. मापाडी हीच त्यांची ओळख. आडनाव मला पगारपत्रकावरून कळलं. शेतकऱ्याला वाटायचं हा व्यापाऱ्याचा माणूस, आणि व्यापाऱ्याला वाटायचं हा शेतकऱ्याकडे झुकतो. सख्ख्या मेहुण्याच्या गोणीतही त्यांनी कधी पावशेर इकडचा तिकडे होऊ दिला नाही, म्हणून मेहुण्याने मुलीच्या लग्नाचं निमंत्रण दिलं नव्हतं. "मापाड्याला मैतर नसतो," असं ते म्हणत. तक्रार म्हणून नव्हे. आमच्याकडं पाऊस कमी पडतो, असं सांगावं तसं.

नव्वदीच्या दशकाचा शेवट होता. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. होऊन मी पुण्यातल्या एका संस्थेत नुकतीच लागले होते. कारखान्यांनी आणि गाड्यांनी हवेत सोडलेला कार्बन झाडं लावून परत ओढून घेता येईल, आणि झाडं धरतील तेवढा धूर सोडायला मोकळीक राहील, असं तेव्हा जगभर बोललं जाऊ लागलं होतं. धोरण ठरवणाऱ्यांना त्यासाठी एक आकडा हवा होता: एका हेक्टरातली झाडं वर्षाला किती कार्बन धरून ठेवतात? तो शोधायला आमच्या संस्थेने दोन जागा निवडल्या. एक महाळुंगे पडवळजवळ, विहिरीला लागून, काळ्या मातीची. दुसरी आणे पठारावरचं उघडं गायरान, जिथे वाऱ्याशिवाय काही थांबत नाही. पठारावर रोपं राखायला आणि मोजायला गावचाच माणूस हवा होता. लिहिता येणारा, आणि आकडे मनाने न भरणारा. सरपंच हसत म्हणाले, "आमच्यात असा येकच हाय, आन् त्याच्याशी कुनी बोलत न्हाई."

झाड हवेतला वायू घेतं, त्याचं लाकूड करतं. खोडाच्या घेरावरून लाकडाचं वजन काढता येतं आणि त्यावरून किती वायू बांधला गेला ते कळतं, असं मी तात्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे हवा तोलायची." दुसऱ्या दिवशी हे गावभर झालं. मी एसटीतून उतरले की थांब्यावरची मंडळी त्यांना विचारायची, काय मापाडी, आज किती किलो भरली? तात्या उत्तर देत नसत. माझी पिशवी उचलून चालू लागत.

कामात मात्र ते माझ्याशी बोलत, आणि मोकळेपणाने बोलत. घेर छातीच्या उंचीवर मोजायचा असतो, हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "छाती कुनाची? माझी का तुमची?" मी मीटरमध्ये उंची सांगितली. पुढच्या खेपेला त्यांनी बरोब्बर तेवढी बांबूची काठी कापून आणली होती. प्रत्येक झाडाशी ती उभी करायची, टोकापाशी रंगाची रेघ मारायची, खाली नंबर लिहायचा. संस्थेच्या छापील तक्त्यात मेलेल्या झाडांसाठी रकाना नव्हता. तात्यांनी उजवीकडे पट्टीने रेघ ओढून नवा रकाना केला आणि वर लिहिलं, 'गेली'. त्याच्यापुढे कारण: शेळी. वाळवी. ऊन. एका हिवराच्या रोपापुढे लिहिलं होतं, 'कळलं न्हाई'. मी म्हटलं, वाळवी लिहा, बहुतेक तीच असेल. ते म्हणाले, बहुतेक कसं लिहायचं?

त्यांची बायको मी तिथे जाऊ लागण्याआधीच वारली होती. मुलगा भोसरीला कंपनीत होता, दिवाळीला यायचा. घर गावाच्या टोकाला, दोन खोल्यांचं. महिन्यातून दोन दिवस मी जायचे तेव्हा दुपारचं जेवण तिथेच व्हायचं. बाजरीची भाकरी आणि आमटी, तीही लालभडक, डोळ्यांत पाणी आणणारी. ते स्वतः करायचे. मी एकदा सहज विचारलं, इतर दिवशी काय करता? "भाकर-चटनी. येकट्यापुरती आमटी होत न्हाई, ताई. पानी जास्तच पडतं." शेजारच्या काकूंनी मला सांगितलं की मी येणार त्याच्या आदल्या दिवशी म्हातारा अंगण झाडतो. एरवी झाडत नाही.

कामाच्या सात वर्षांपैकी तीन वर्षं पठारावर पाऊस फार कमी झाला. तात्यांनी खांद्यावरून घागरी वाहिल्या, काट्यांचं कुंपण घातलं, तरी 'गेली'चा रकाना भरत राहिला. खाली विहिरीकाठची झाडं मात्र दणक्यात वाढली. अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा आमचे सर म्हणाले की दिल्लीतल्या लोकांना आणि परदेशातल्या देणगीदारांना एकच स्पष्ट आकडा हवा आहे. तो राज्यातल्या सगळ्या पडीक जमिनीला गुणून मोठी योजना उभी राहील. पठारावरचा प्लॉट अपवाद समजू. सर वाईट नव्हते. त्यांना खरोखरच लाखो झाडं लागलेली पाहायची होती. मीही तरुण होते, आणि अहवालावर माझं नाव येणार होतं. मी वाक्य लिहिलं: 'प्रतिकूल परिस्थितीमुळे एका क्षेत्रातील नोंदी विश्लेषणात घेतलेल्या नाहीत.' तात्यांची सात वर्षं आठ शब्दांत संपली.

अहवालाची मराठी पुस्तिका निघाली. मुखपृष्ठावर फोटो होता तात्यांचा, आण्याच्या माळावर, निंबाला टेप लावताना. छान आला होता. मी मोठ्या हौसेने ती घेऊन गेले. तात्यांनी हात पुसले, फोटोकडे पाहिलं, थोडे लाजले. मग ओट्यावर बसून, ओळीखाली बोट फिरवत, त्यांनी पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. एवढं करतील असं मला वाटलं नव्हतं. मी चुलीपाशी बसून होते. आमटी उकळत होती.

"ताई, माझी झाडं कुठं हायती ह्यात?"

मी कारणं सांगितली. पाऊस, अपवाद, दिल्ली, योजना. ते मान हलवत होते.

"बाजारात वरच्या थराला चांगला कांदा लावत्यात आन् सगळा ढीग इकत्यात," ते म्हणाले. "तसं झालं हे."

मी म्हटलं, यातून खूप झाडं लागतील, तात्या.

"लागू द्या की. पन ह्या आकड्यावर इसंबून कुनीतरी तेवढा धूर सोडनार ना?"

"हो. सोडणार."

"मग झाडं तेवढी भरली न्हाईत, तर त्यो धूर कोन तोलनार?"

मी उठून आमटी उतरवली. त्यांनी मला जेवायला वाढलं, नेहमीसारखंच पोटभर. एसटीपर्यंत पिशवीही घेतली. पण त्या दिवसानंतर ते माझ्याशी कामापुरतं बोलू लागले.

पुण्याला परतून मी सरांना दोन पानी टिपण दिलं, पठाराचे आकडे जोडायला हवेत म्हणून. त्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, पुढच्या टप्प्यात बघू. पुढचा टप्पा आलाच नाही. परदेशातला निधी थांबला, दोन्ही जागांचं काम बंद झालं, मी एका महाविद्यालयात शिकवायला लागले. तात्यांना पत्र लिहिलं की आता मोजणीची गरज नाही, तुमचे आभार.

डिसेंबरात संस्थेच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं. तिथल्या शिपायाने ते माझ्याकडे पोचवलं. वर नमस्कार नाही, खाली आशीर्वाद नाही. जिवंत झाडं इतकी, गेली इतकी, आणि मागे बारीक अक्षरात एकेका झाडाचा घेर. पुढच्या डिसेंबरातही आलं. मी एकालाही उत्तर लिहिलं नाही. काय लिहायचं ते सुचत नव्हतं, आणि उशीर जितका वाढला तितकं लिहिणं अवघड झालं. पठारावर एक माणूस एकटा काठी घेऊन झाडामागून झाड फिरतो आहे आणि एका बंद पडलेल्या कामाला जाब देतो आहे, हे मला ठाऊक होतं. वर्गात शिकवताना मध्येच ते डोळ्यांपुढे यायचं.

मग एका एप्रिलमध्ये कार्ड आलं. मोजणीचे दिवस नव्हते. 'माळाला आग लागली. दुपारी. मोजून कळवतो.'

मी दुसऱ्याच दिवशी आळेफाट्याला गाडी बदलून आण्याला पोचले. कुणीतरी बांधावरचं गवत पेटवलं होतं, वाऱ्याने ते गायरानात नेलं. तात्या माळावरच होते. धोतर काळं, हात काळे. रंगाच्या रेघा आणि नंबर जळून गेले होते, तरी ते कोणतं झाड कितवं ते सांगत होते आणि स्वतःच लिहीत होते. मला पाहून त्यांनी वही माझ्या हातात दिली. आम्ही संध्याकाळपर्यंत मोजलं. निम्म्याहून जास्त गेली होती. शेवटी ते एका दगडावर टेकले.

"हवा खाली आनायला नऊ-धा वर्सं लागली," ते म्हणाले. "वर जायाला येक दुपार. हे तुमच्या सायबांना सांगा."

मी म्हटलं, मी आता तिथे नसते, तात्या. तिथलं हे काम कधीच बंद झालंय.

त्यांनी वही माझ्या हातातून परत घेतली. "मग मी हे कुनाला कळवत व्हतो?"

मला कळवत होतात, एवढंही मी म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं.

त्यानंतर तीन वर्षं, शिकवणं सांभाळून, मी तो अहवाल पुन्हा लिहिला. दोन्ही जागा, मेलेली झाडं, जळलेली झाडं, 'कळलं न्हाई'सकट. आकडा पहिल्याच्या एक तृतीयांशावर आला. झाडं लावू नका, असं मी लिहिलं नव्हतं. झाडांच्या भरवशावर धूर सोडू नका, कारण झाडाचा भरवसा कुणी द्यायचा, एवढंच लिहिलं होतं. छापायला कुणी उत्सुक नव्हतं. शेवटी महाविद्यालयानेच काढला. पहिली प्रत घेऊन मी आण्याला गेले. तात्या खूप वाळले होते. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधली होती. याही वेळी त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, आणि त्यात दुपार गेली.

"पहिली पुस्तकं किती छापली व्हती?"

"एक हजार."

"आन् ही?"

"पन्नास."

त्यांनी पुस्तिका मिटली, कपाळाला लावली आणि देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवली. थोड्या वेळाने म्हणाले, "डिसेंबरात या. हात कापतो आता, येकट्याला टेप धरता येत न्हाई." इतक्या वर्षांत त्यांनी मला या असं पहिल्यांदाच म्हटलं होतं. मी नक्की येते म्हणाले.

डिसेंबरात परीक्षा होत्या, माझ्यावर पर्यवेक्षणाची जबाबदारी आली. एक रविवार मोकळा होता, तोही मी पेपर तपासण्यात घालवला. पोस्टकार्ड आलं नाही, तेव्हा वाटलं, माझी वाट पाहत असतील. जानेवारीत गेले तर घराला कुलूप. शेजारच्या काकूंनी सांगितलं की दिवाळीला मुलाने त्यांना भोसरीला नेलं, आणि तिथे पंधरा दिवसांत ते गेले. जाताना टेप पिशवीत घातली होती म्हणे. सून हसली, म्हणाली, तिकडं काय मोजणार?

मी माळावर गेले. कुंपण कुणी सरपणाला नेलं होतं. शेळ्या चरत होत्या. जळक्या बुंध्यांतून काही झाडं फुटली होती, काही आपोआप उगवली होती, काही आधीपासूनचीच असतील. आमची कोणती, हे सांगणारं कुणी नव्हतं. मी मोजायला सुरुवात केली. चाळीसपर्यंत गेले. मग कोणती मोजून झाली आणि कोणती राहिली ते कळेना. परतीच्या गाडीला अजून वेळ होता. मी पुन्हा माळाच्या पहिल्या टोकाशी गेले आणि एकपासून सुरुवात केली.