पीठ पाठीवर लावायचं नसतं

ईरा, मिहिर, कॅनडात राहून तुमचा मराठी वाचायचा वेग कमी झाला आहे, हे मला ठाऊक आहे. तरी हे सावकाश, शेवटपर्यंत वाचा. आपल्या तबेल्यातले दत्तूकाका जाऊन दोन महिने होत आले. परवा फोनवर मी चिडले, तेव्हा ईरा म्हणाली, "आजी, लेट इट गो." ते मला जमणार नाही, आणि का जमणार नाही हे फोनवर सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

बातमी आली तीच अशी की राग यावा. इथे आखातात, उम्म अल कुवैनच्या आपल्या तबेल्याच्या ग्रुपवर मेसेज होता: आपला हेल्पर दत्तू सुट्टीवर गावी असताना हार्ट अटॅकने वारला, उद्याचे क्लास नेहमीच्या वेळी होतील. खाली दहा-बारा जोडलेले हात, आणि एका आईचा प्रश्न, मग शुक्रवारच्या शोला आमच्या घोड्याच्या वेण्या कोण घालणार?

हेल्पर! फलटणकडच्या या माणसाचे वडील आणि आजोबा घोड्यांचं करत आले होते. एकदा शोच्या पाससाठी मी त्यांचा फॉर्म भरत होते. कामाच्या रकान्यात मी 'ग्रूम', म्हणजे घोड्यांची निगा राखणारा, असं लिहिलं. मिहिरने तेवढ्यात त्यांना त्या शब्दाचा दुसरा अर्थ सांगितला, आणि ते पोट धरून हसले. "बाई, या वयात नवरदेव करताय व्हय मला?" मग जरा थांबून म्हणाले, "मोतद्दार लिवा. आमच्यात मोतद्दार म्हंत्यात." मी म्हटलं, इथे ते कुणाला कळणार नाही... आणि खोडून 'हेल्पर' लिहिलं. हो, मीच.

ईराची घोडी नूरा त्यांच्या हाताखाली होती. तांबूस अंग, चारही पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. काका तिला पंचकल्याणी म्हणायचे. दुकानातल्या चकाकीच्या स्प्रेची बाटली एकशेवीस दिरहमची, म्हणजे जवळजवळ तीन हजार रुपये, हे ऐकून त्यांनी मला विचारलं होतं की त्यात अत्तर आहे का. त्यांचं सगळं सामान तुमच्या आईच्या स्वयंपाकघरातून जायचं. शेवटच्या बादलीत दोन झाकणं व्हिनेगर, म्हणजे साबण निघून केस चमकतात. खुरांना खोबरेल, पण लगेच पुसून, नाहीतर रिंगणातली वाळू चिकटते. रिंगणात जाण्याआधी अंगावरून रेशमी कापड; माझ्या जांभळ्या साडीचा पदर त्यात गेला आणि मला वाईट वाटलं नाही. आणि पांढऱ्या पायांना कॉर्नफ्लॉर: पाय धुवायचे, पूर्ण वाळवायचे, पीठ चोळायचं, मग ब्रशने झटकायचं. पाय दुधासारखे दिसायचे. पाठीला मात्र ते काही लावू देत नसत. खोगिराखाली फक्त स्वच्छ कोरडी पाठ, हा त्यांचा नियम होता. स्प्रे मारायला निघालेल्या ईराचा हात त्यांनी एकदाच, पण घट्ट धरला होता.

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी तबेल्याच्या मॅनेजरने ग्रुपवर एक रंगीत पत्रक टाकलं. कमी खर्चात शोची तयारी, खाली त्याचं स्वतःचं नाव आणि फोटो. व्हिनेगर, खोबरेल, रेशीम, सगळं ओळीने. आणि चौथ्या ओळीत: आंघोळीनंतर घोड्याच्या पाठीवर कॉर्नफ्लॉर लावा.

मी ती ओळ दोनदा वाचली, आणि मला काकांचा आवाजच ऐकू आला. हातात डबा धरून ते त्याला त्यांच्या हिंदीत सांगत असणार, "ये, पीठ लगाने का." डबा त्याला दिसला, आणि पीठ म्हणजे हिंदीतली पाठ, हे त्याने स्वतःच ठरवलं. त्या आठवड्यात नूरावर बसायला लागलेल्या नव्या मुलीने पत्रक वाचून नूराच्या पाठीवर पीठ चोळलं, वर खोगीर कसलं. घामाने त्याची लापशी झाली, आणि पाठ सोलवटली.

मी तुमच्या बाबांना गाडी काढायला लावली. मॅनेजर नम्र होता. म्हणाला, "आंटी, ये सब तो सबको पता होता है."

"सबको पता होता," मी म्हटलं, "तो पीठ पीठ पर नहीं जाता. मराठी में पीठ मतलब आटा."

त्याचा चेहरा उतरला. पाच मिनिटांत त्याने ती ओळ दुरुस्त केली. मी म्हटलं, आता नावही दुरुस्त करा: दत्तू खरात, मोतद्दार. तर म्हणे, आंटी, पॉलिसी आहे, स्टाफची नावं टाकत नाही. हवं तर 'आमच्या हेल्पर टीमचे आभार' असं लिहितो. ओळ चुकली हे त्याला कळलं. माणूस चोरला हे अजून कळलेलं नाही. आणि 'हेल्पर' हा शब्द त्याला पहिल्यांदा मीच लिहून दिला होता, हे मी तिथे उभी असताना मला आठवलं... म्हणून हे पत्र मी वर्तमानपत्राच्या पुरवणीलाही पाठवते आहे; ते नाव इथे छापून येऊ दे, पुरवणी वाचणाऱ्या चार अनोळखी माणसांसमोर.

निघताना मी नूराजवळ गेले. पेशावरकडचा नवा माणूस तिचे खूर साफ करत होता. त्याने उर्दूत सांगितलं, इंग्रजीत सांगितलं, पायावर थोपटलं, ती ढिम्म. मग ओशाळं हसून तो हळूच म्हणाला, "पाय दे, बाय." तिने लगेच पाय उचलून त्याच्या हातात दिला. त्याला त्याचा अर्थ माहीत नाही. बाकीच्यांकडून ऐकून शिकला, म्हणाला. याशिवाय ती ऐकतच नाही.

नूराची पाठ भरून आली आहे. त्या तबेल्यात आजही तिचा पाय मराठीतच मागावा लागतो.